देशाची डिजिटल तयारी मोजतात कशी, आणि घोडं नेमकं कुठे अडतं

पेरूने २००८ मध्ये प्राथमिक शाळांतल्या मुलांना स्वस्त आणि टिकाऊ लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत वाटलेल्या लॅपटॉपची संख्या आठ लाखांच्या वर गेली. मग संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास केला. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे ०.१२ संगणक होते, ते १.१८ झाले होते. म्हणजे आधी आठ मुलांत एक, आणि आता प्रत्येकाला एक देऊन वर काही शिल्लक. पण २०१२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत ही मुलं इतर शाळांतल्या मुलांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत.

यंत्रात दोष नव्हता. मुलं ते चालवायला शिकलीही. पण बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि हे यंत्र गणिताच्या तासाला नेमकं कसं वापरायचं याचा आराखडा शिक्षकांच्या हाती नव्हता. या दोन्ही गोष्टी खरेदीच्या आधी विचारता आल्या असत्या. शाळेपर्यंत जोडणी पोचली आहे का? शिक्षकाला काय येतं, काय येत नाही? यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? हे प्रश्न एका शाळेऐवजी अख्ख्या देशाला, पद्धतशीरपणे आणि पुराव्यानिशी विचारले, की त्याला म्हणतात माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानासाठी देशाच्या तयारीचं मूल्यमापन. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी नुसतं ‘डिजिटल तयारी’ म्हणेन.

या कामाची लाट आली ती २००० च्या आसपास. इंटरनेटमुळे व्यापार, शिक्षण, सरकारी कामकाज सगळंच बदलणार हे दिसू लागलं होतं आणि गरीब देश मागे पडतील ही भीतीही होती. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राने विकसनशील देशांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात जोडणी, शिक्षण, समाज, अर्थव्यवस्था आणि धोरण अशा पाच गटांत १९ बाबी होत्या, आणि प्रत्येक बाबीत आपण चारपैकी कोणत्या पायरीवर आहोत हे देशाने स्वतःच तपासायचं होतं. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने २००० मध्येच देशांची क्रमवारी लावायला घेतली. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा नेटवर्क रेडिनेस इंडेक्स २००१-०२ मध्ये आला आणि पोर्टुलान्स इन्स्टिट्यूटकडे जाऊन नव्या स्वरूपात आजही निघतो. संयुक्त राष्ट्रांची ई-गव्हर्नमेंट पाहणी दर दोन वर्षांनी १९३ सदस्य देशांना गुण देते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा, म्हणजे आयटीयूचा, निर्देशांक आणखी वेगळा.

या गर्दीत एक फरक लक्षात ठेवला की पुढचं सोपं होतं. काही मूल्यमापनं ही तपासणी असतात, तर काही शर्यतीचा निकाल. तपासणीतून कळतं की दुखणं कुठे आहे. निकालातून कळतं की आपण कितवे आलो. वर्तमानपत्रात बातमी होते ती दुसऱ्या प्रकाराची. देशाच्या कामाला येतो तो पहिला.

तारेपासून माणसापर्यंत

डिजिटल तयारीचा सगळ्यात खालचा थर म्हणजे जोडणी. ती मोबाइलच्या टॉवरपासून सुरू होते असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याला तोच दिसतो. प्रत्यक्षात साखळी बरीच लांब आहे. जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल, तिथून देशभर पसरलेला फायबरचा कणा, त्याच्या फांद्या, मग टॉवर किंवा घरात येणारी तार, आणि या सगळ्याला लागणारी वीज. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला सुमारे ६० कोटी लोकांच्या घरात वीजच नाही. तिथे टॉवर उभारून पहिला प्रश्न सुटतो, फोन चार्ज करण्याचा दुसरा सुटत नाही.

एकेका कडीचं वजन किती असतं ते केनियात दिसलं. २००९ च्या आधी तिथलं बाहेरच्या जगाशी होणारं इंटरनेटचं दळणवळण उपग्रहावर अवलंबून होतं. ते महाग होतं आणि संथही. त्या वर्षी मोम्बासाच्या किनाऱ्याला सीकॉम आणि टीम्स या दोन केबल येऊन लागल्या आणि देशाचं गणितच बदललं. लोक तेच, शाळा त्याच, कायदे तेच, फक्त एक कडी बदलली होती.

उलट बाजू प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाने पाहिली. १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातल्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि या बेटांना फिजीमार्गे जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली. देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्क जवळपास संपला. मुख्य बेटाची केबल पुन्हा सुरू व्हायला पाच आठवडे लागले, आणि बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या केबलला त्याहून कितीतरी जास्त. उद्रेकाच्या आदल्या दिवशी कोणी टोंगाची जोडणी मोजली असती तर केबल आहे, वेग आहे, ग्राहक आहेत, असे सगळे आकडे व्यवस्थित आले असते. ‘ही केबल तुटली तर दुसरा रस्ता कोणता?’ हा प्रश्न मात्र बहुतेक जुन्या निर्देशांकांत नव्हता. माझ्या मते हा प्रश्न पहिल्या पानावर असला पाहिजे. तयारी म्हणजे फक्त चांगल्या दिवसाची तयारी नव्हे.

आता समजा केबल आली, कणा झाला, टॉवरही उभे राहिले. लोक इंटरनेट वापरू लागले का? मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा इथेच आहे. मोबाइल उद्योगाची जागतिक संघटना जीएसएमए लोकसंख्येचे तीन भाग करते: मोबाइल इंटरनेट वापरणारे, ज्यांच्यापर्यंत सिग्नलच पोचत नाही असे, आणि सिग्नलच्या टप्प्यात राहूनही न वापरणारे. २०२३ अखेरचं चित्र असं होतं की वापरणारे सुमारे ५७ टक्के, सिग्नलबाहेरचे फक्त ४ टक्के, आणि सिग्नल असून न वापरणारे ३९ टक्के. म्हणजे जगात जे मोबाइल इंटरनेटपासून दूर आहेत, त्यांतल्या दर दहापैकी नऊ जणांच्या डोक्यावर सिग्नल आहे. त्यांच्यासाठी आणखी टॉवर उभारून काही होणार नाही. तरीही ‘आम्ही ९५ टक्के लोकसंख्येपर्यंत नेटवर्क पोचवलं’ हे वाक्य तयारीचा पुरावा म्हणून सर्रास दिलं जातं.

मग हे लोक अडतात कुठे? पहिलं उत्तर आहे पैसा. आयटीयू आणि युनेस्कोने मिळून नेमलेल्या ब्रॉडबँड आयोगाने यासाठी एक माप ठरवलं. प्राथमिक पातळीच्या इंटरनेट जोडणीचा महिन्याचा खर्च दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. माप उपयोगी आहे, पण त्यात एक फसगत आहे. दरडोई उत्पन्न म्हणजे सरासरी. ज्याचं उत्पन्न सरासरीच्या चौथाईवर आहे, त्याला तीच जोडणी ८ टक्क्यांना पडते. त्यात फोनची किंमत धरलेलीच नाही, आणि गरीब माणसाचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. डेटा थोडा थोडा विकत घेता येतो, फोन मात्र एकदम घ्यावा लागतो. म्हणून चांगलं मूल्यमापन ‘देशाला परवडतं का’ एवढ्यावर थांबत नाही. ते खालच्या थरातल्या घराचा हिशेब वेगळा मांडतं.

दुसरं उत्तर आहे कौशल्य. कौशल्य मोजायला सगळ्यात अवघड, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते मोजलंच जात नाही. आयटीयूच्या २०१७ पर्यंतच्या निर्देशांकात कौशल्याच्या जागी शाळेत घालवलेली सरासरी वर्षं आणि माध्यमिक व उच्च शिक्षणातली पटनोंदणी घेत. शिकलेला माणूस संगणकही वापरू शकेल असा त्यामागचा अंदाज. पण पदवी असूनही ऑनलाइन अर्ज भरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारी माणसं प्रत्येक देशात आहेत, आणि शाळा अर्ध्यात सोडून फोनवर अख्खा धंदा चालवणारीही आहेत. आयटीयूने २०२३ मध्ये निर्देशांक नव्याने बांधला तेव्हा कौशल्याचा घटक त्यातून वगळावाच लागला, कारण पुरेशा देशांकडे त्याची माहितीच नव्हती. याचं मला राहून राहून वाईट वाटतं. तंत्रज्ञान वापरणार माणूस, आणि त्याला काय येतं हाच रकाना रिकामा.

दक्षिण कोरियाने हा रकाना रिकामा ठेवला नाही. १९९० च्या दशकात तिथे सरकारने फायबरच्या जाळ्यावर भरपूर खर्च केला, हे सगळे सांगतात. त्याच्या जोडीने २००० मध्ये एक कोटी लोकांना इंटरनेट शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यात गृहिणी होत्या, वयस्कर माणसं होती, अपंग व्यक्ती होत्या, सैनिक होते. सुमारे पावणेपाच कोटी लोकसंख्येच्या देशात एक कोटी! पुढे कोरिया या याद्यांत सतत वरच्या जागी दिसू लागला, तो केवळ तारांच्या जोरावर नव्हे.

कौशल्याला लागूनच भाषा येते. वाचता येतं, पण जे वाचायला मिळतं ते आपल्या भाषेत नाही, अशा माणसाला जोडणीचा उपयोग किती? आणि आपल्या गरजेचं काही तिथे आहे का, हाही प्रश्न आहेच. इंटरनेट न वापरण्याचं कारण विचारलं की अनेक जण ‘मला त्याची गरज नाही’ म्हणतात. ते उत्तर अज्ञान म्हणून झटकून टाकू नये. कदाचित त्याच्या उपयोगाचं तिथे खरंच काही नसेल.

कायदा, विश्वास आणि कामांचा क्रम

जोडणी आणि माणसं यांच्यावर तिसरा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. ऑनलाइन केलेला करार न्यायालयात टिकतो का? डिजिटल सही हाताने केलेल्या सहीइतकी ग्राह्य आहे का? माझी माहिती सरकारने किंवा कंपनीने भलत्याच कामाला वापरली तर दाद कुठे मागायची? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदा आयोगाने ई-व्यापारासाठी आदर्श कायद्याचा नमुना १९९६ मध्येच तयार केला. तो कायदा पुस्तकात आणणं तुलनेने सोपं. न्यायाधीश, पोलीस आणि कारकून यांना तो कळणं आणि त्यांनी तो पाळणं याला वर्षं लागतात. म्हणून ‘कायदा आहे: होय/नाही’ अशी खूण करणाऱ्या प्रश्नावलीवर माझा फारसा भरवसा नाही.

एस्टोनियाचं उदाहरण इतक्यांदा दिलं जातं की ते गुळगुळीत झालंय, पण त्यातला क्रम सहसा सांगितला जात नाही. १९९६ मध्ये ‘वाघझेप’ अशा अर्थाच्या नावाने शाळांना संगणक, इंटरनेट आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. २००० मध्ये डिजिटल सहीचा कायदा आला. २००१ मध्ये एक्स-रोड ही सरकारी खात्यांनी एकमेकांशी सुरक्षितपणे माहिती देवाणघेवाण करण्याची व्यवस्था सुरू झाली. २००२ मध्ये डिजिटल ओळखपत्रं आली आणि २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान. आधी शिकणं, मग कायदा, मग खात्यांमधले रस्ते, मग नागरिकाच्या हातातलं कार्ड आणि सगळ्यात शेवटी मतदानासारखी नाजूक गोष्ट. अनेक देश हाच क्रम उलटा करतात. आधी झगझगीत पोर्टल, आणि त्यामागे खाती कागदांवरच बोलत राहतात. आधी कळस, मग पाया.

२०१७ मध्ये एस्टोनियाच्या साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांतल्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष असल्याचं उघडकीला आलं. सरकारने ते लोकांना सांगितलं, प्रमाणपत्रं स्थगित केली आणि दूरवरून अद्ययावत करण्याची सोय दिली. दोष सापडणं ही तयारीची उणीव म्हणता येईल. पण सापडल्यावर जे झालं तीही तयारीच होती, आणि ती कुठल्याही रकान्यात बसवणं कठीण आहे.

‘कशासाठी तयार?’ हे विचारल्याशिवाय या थरातले प्रश्न ठरतच नाहीत. ऑनलाइन व्यापारासाठी देश तयार आहे का, हे पाहायला संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंकटाड, सात बाबी तपासते: धोरण, जोडणी, मालाची वाहतूक आणि सीमाशुल्क, पैसे चुकते करण्याची सोय, कायदे, कौशल्यं आणि भांडवल. यात वाहतूक बघून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण वस्तूची मागणी स्क्रीनवर एका क्षणात नोंदवली, तरी वस्तू रस्त्यानेच येते. घराला नीट पत्ता नसेल, टपालव्यवस्था कोलमडलेली असेल, सीमेवर पार्सल पडून राहत असेल, तर सर्वात वेगवान इंटरनेटही ते दारात आणून देत नाही. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी प्रश्न आणखी निराळे येतील, आणि शाळांसाठी त्याहून निराळे. एकच देश एका गोष्टीला तयार आणि दुसरीला अजिबात नाही, असं सहज असू शकतं.

गुण कसे पडतात

आता थोडं गणित, कारण निर्देशांक नावाच्या डब्यात नक्की काय चालतं हे कळल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

निर्देशांकात धरलेली प्रत्येक बाब, म्हणजे निर्देशक, वेगळ्या मापात असते. कुठे टक्के, कुठे दर शंभर माणसांमागे जोडण्या, कुठे शाळेची वर्षं. त्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून आधी प्रत्येकाला एकाच पट्टीवर आणतात. सगळ्यात कमी मूल्याला शून्य, सगळ्यात जास्त किंवा आदर्श मूल्याला शंभर, आणि बाकीचे मध्ये आपापल्या जागी. मग कोणत्या गटाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतात. आयटीयूच्या जुन्या निर्देशांकात उपलब्धतेला ४०, वापराला ४० आणि कौशल्याला २० असे भाग होते. संयुक्त राष्ट्रांच्या ई-गव्हर्नमेंट निर्देशांकात ऑनलाइन सेवा, दूरसंचार आणि मानवी भांडवल यांना सारखा वाटा असतो. हे भाग निसर्गाने ठरवलेले नाहीत. कौशल्याला २० ऐवजी ४० दिले असते तर कित्येक देश वरखाली झाले असते.

मग सरासरी. आणि माझा खरा आक्षेप सरासरीला आहे. एक काल्पनिक देश घ्या, ज्याला जोडणी, माणसं आणि कायदा या तिन्हींत ६० गुण आहेत. दुसऱ्या काल्पनिक देशाला जोडणीत ९०, माणसांत ८५ आणि कायद्यात ५. दोघांची साधी सरासरी ६०. कागदावर दोघे सारखेच तयार. प्रत्यक्षात दुसऱ्या देशात लोक ऑनलाइन आहेत, सराईत आहेत, आणि फसवले गेले तर त्यांना कुठेच दाद नाही. एका जागी भरपूर असलं म्हणून दुसऱ्या जागची उणीव भरून निघत नाही, हे साध्या सरासरीला कळत नाही. तीन आकड्यांचा गुणाकार करून घनमूळ काढलं, म्हणजे भूमितीय सरासरी घेतली, तर पहिला देश ६० वरच राहतो आणि दुसरा ३४ च्या आसपास घसरतो. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये नेमका हाच बदल केला. डिजिटल तयारीच्या बाबतीत तर तो अधिकच गरजेचा आहे, कारण इथे सगळं साखळीसारखं आहे आणि साखळीत सगळ्यात कच्ची कडीच भार ठरवते.

आकडा पट्टीवर चढण्याआधीही काही गोष्टी तपासायला हव्यात. ‘इंटरनेट वापरणारा’ म्हणजे कोण? आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, गेल्या तीन महिन्यांत ज्याने कुठूनही एकदा तरी इंटरनेट वापरलं तो. रोज आठ तास काम करणारा आणि नातेवाइकाच्या फोनवर एकदाच काहीतरी पाहिलेला, दोघेही त्यात येतात. आयटीयूच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातले ५५० कोटी लोक, म्हणजे ६८ टक्के, ऑनलाइन होते, ते या व्याख्येने. दर शंभर माणसांमागे मोबाइल जोडण्या किती, हा आकडा कित्येक देशांत शंभराच्या वर जातो, कारण मोजली जातात ती सिमकार्डं, माणसं नव्हे. जुन्या निर्देशांकात तर घरच्या तारेच्या फोनलाही गुण होते. जग मोबाइलकडे वळलं आणि तारेचे फोन बंद होऊ लागले, तसे काळाबरोबर चालणाऱ्या देशांचेच त्या एका रकान्यातले गुण कमी होत गेले.

देशाचा एकच आकडा आणखी एक गोष्ट झाकतो. त्याच २०२४ च्या अंदाजात शहरांतले ८३ टक्के लोक ऑनलाइन होते आणि ग्रामीण भागातले ४८ टक्के. पुरुष ७० टक्के, स्त्रिया ६५. म्हणून पाहणी कोणाला विचारून केली याला फार महत्त्व आहे. ‘घरात स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाला कुटुंबप्रमुखाने ‘आहे’ म्हटलं की पाहणीत अख्खं घर जोडलं गेलं असं धरलं जातं. तो फोन दिवसभर त्याच्या खिशात असतो आणि घरातल्या बाईच्या हातात रात्री दहा मिनिटं येतो, हे कळायला बाईलाच वेगळं विचारावं लागतं. असं विचारायला जास्त वेळ आणि पैसा लागतो. तो खर्च केलाच पाहिजे.

क्रमांक लागला की तो वर न्यायची इच्छा होणं स्वाभाविक आहे, आणि तिथे आणखी एक धोका सुरू होतो. जागतिक बँकेची ‘डुइंग बिझनेस’ ही व्यवसायसुलभतेची क्रमवारी जगभर गाजली होती. २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांत आकड्यांची फिरवाफिरव झाल्याचं पुढे आलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती बंद केली. आकडे प्रामाणिक असले तरी देश मोजल्या जाणाऱ्या गोष्टींवरच खर्च करू लागतो. पोर्टलवर सेवा उपलब्ध आहे का, एवढंच पाहिलं जाणार असेल तर सेवा उपलब्ध होते. कोणी ती वापरत नसलं तरी गुण मिळून जातात.

मोजमापाच्या हाती न लागलेलं

केनियात एम-पेसा ही फोनवरून पैशाचे व्यवहार करण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली. तेव्हा मोम्बासाला केबल आलेली नव्हती. बँक खाती थोड्यांकडेच होती. स्मार्टफोन नव्हतेच म्हटलं तरी चालेल. त्या वर्षीच्या कुठल्याही तयारीच्या तक्त्यावर केनिया डिजिटल पैशाच्या व्यवहारात जगाला वाट दाखवेल असं दिसत नव्हतं. मूळ कल्पना होती छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याची. चाचणीच्या काळात दिसलं की लोक एकमेकांना पैसे पाठवताहेत. शहरात कमावणारा माणूस गावाकडे पैसे पाठवतो, ही गरज आधीपासून होतीच. साध्या फोनवर चालेल अशी रचना होती, गावोगावचे एजंट रोख रक्कम घ्यायला-द्यायला होते, आणि मध्यवर्ती बँकेने नियम तयार नाहीत म्हणून वाट न अडवता, लक्ष ठेवत प्रयोग होऊ दिला.

यावरून काही जण म्हणतात की तयारी वगैरे मोजणं व्यर्थ आहे. मला तसं वाटत नाही. केनियाची तयारी होती, पण ती वेगळ्या जागी होती: आधीपासूनच्या गरजेत, माणसांच्या जाळ्यात, नियामकाच्या वृत्तीत. प्रश्नावली बनवणाऱ्यांनी तिथे पाहिलं नव्हतं, इतकंच.

मँचेस्टर विद्यापीठातले रिचर्ड हीक्स यांनी हीच गोष्ट प्रकल्पांच्या पातळीवर फार नेमकी मांडली. विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नन्स प्रकल्पांबद्दल २००३ मध्ये त्यांचा अंदाज असा होता: सुमारे ३५ टक्के पूर्ण फसतात, ५० टक्के अंशतः फसतात आणि १५ टक्केच यशस्वी होतात. त्यांचं म्हणणं असं की प्रकल्पाच्या आराखड्यात एक जग गृहीत धरलेलं असतं आणि जमिनीवर दुसरंच असतं, आणि या दोहोंतलं अंतर जितकं मोठं तितका प्रकल्प फसण्याचा धोका जास्त. माहिती, तंत्रज्ञान, कामाची पद्धत, उद्दिष्टं आणि मूल्यं, कर्मचारी आणि त्यांची कौशल्यं, व्यवस्थापन, आणि शेवटी वेळ व पैसा, अशा सात बाबींत ते अंतर शून्य ते दहामध्ये मांडायचं. अंतर मोठं निघालं तर उपाय दोन. जमिनीवरची स्थिती बदला, किंवा आराखडा जमिनीला जुळवून घ्या. हा दुसरा उपाय फार कमी लोकांना सुचतो. एम-पेसाने तोच केला होता, आणि पेरूच्या शाळांत तोच राहून गेला.

म्हणून एखाद्या देशाला, प्रांताला किंवा खात्याला असं मूल्यमापन करायचं असेल, तर मी कामाची सुरुवात निर्देशकांच्या यादीने करणार नाही. आधी एक काम निवडावं, उदाहरणार्थ जन्मनोंद ऑनलाइन करणं. मग त्या कामाच्या वाटेवरून शेवटच्या माणसाबरोबर चालत जावं. आईकडे फोन आहे का, तिच्या भाषेत अर्ज आहे का, दवाखान्यात नोंद करणाऱ्याकडे वीज आणि जोडणी आहे का, त्याची नोंद निबंधकाच्या यंत्रणेत आपोआप पोचते की तो छापून पाठवतो, डिजिटल दाखला पुढे शाळा मान्य करते का. जिथे चालणं थांबेल तिथे खूण करावी. मग दुसरं काम घ्यावं. चार-पाच कामांच्या खुणा एकाच जागी पडल्या, की देशाने पहिला पैसा कुठे घालायचा ते कळतं, आणि ती जागा पुष्कळदा जिथे भाषणं होतात तिथे नसते.

मोजणाऱ्यांमध्ये फक्त दूरसंचार खातं असेल तर उत्तर टॉवर येतं. शिक्षण, अर्थ, टपाल, न्याय ही खाती, सांख्यिकी कार्यालय, ग्राहकांच्या आणि अपंगांच्या संघटना हे सगळे एका टेबलावर असतील तर उत्तरं वेगळी येतात आणि वादही होतात. ते वाद अहवालात लिहून ठेवावेत. एका आकड्यात विरघळवून टाकू नयेत.

दोन वर्षांनी पुन्हा मोजताना प्रश्न तेच ठेवावेत, जागा त्याच ठेवाव्यात, आणि आधीच्या वेळी वाट जिथे थांबली होती तिथे प्रथम जावं. आईला फोनवर अर्ज आता भरता येतो का? निबंधकाकडे नोंद अजून छापूनच जाते का?